जालन्यातल्या मुलांचा संधिवात

गुडघा सुजलेलं मूल दवाखान्यात आलं की त्याच्या फायलीत पहिला कागद बहुधा एएसओ तपासणीचा लागतो. घशाला स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होऊन गेला असेल, तर या तपासणीचा आकडा वाढतो. आपल्याकडे घसा वारंवार धरतो, त्यामुळे शाळकरी वयाच्या कितीतरी धडधाकट मुलांतही तो वाढलेला असतो. तरी त्या एका आकड्यावरून ‘ऱ्हुमॅटिक फिव्हर’चं निदान होतं आणि दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं दुखरं इंजेक्शन सुरू होतं. हा ताप खरोखर झालेल्या मुलाच्या हृदयाच्या झडपा याच इंजेक्शनानं वाचतात, म्हणून ते द्यायला डॉक्टर कचरत नाहीत आणि आईबापही ते चुकवत नाहीत. मात्र ऱ्हुमॅटिक फिव्हरची सूज एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते आणि काही आठवड्यांत मागे काही न ठेवता ओसरते. एकाच गुडघ्यात, घोट्यात किंवा मनगटात महिनोन्‌महिने मुक्काम ठोकलेली सूज वेगळ्या आजाराची असते. त्या आजारावर पेनिसिलीनचा काडीचाही उपयोग होत नाही. इंजेक्शनं चालू राहतात आणि सांधा आतून झिजत जातो.

या आजाराला जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस म्हणतात. डॉक्टर थोडक्यात जेआयए म्हणतात. सोळाव्या वाढदिवसाच्या आत सुरू झालेली, निदान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरं कुठलंही कारण न सापडलेली सांध्यांची सूज, अशी त्याची व्याख्या आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. ती का उलटते हे पुरतं उलगडलेलं नाही. आईच्या गरोदरपणातल्या खाण्याशी, दही-ताकाशी, आंबट पदार्थांशी किंवा कुणाच्या नजरेशी त्याचा संबंध नाही. हे इथं मुद्दाम लिहावं लागतं, कारण आजारी मुलाच्या घरात पहिला ठपका आईवर येतो.

जालना जिल्ह्यात अशी मुलं किती असतील? लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉ. अमिता अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांमध्ये जाऊन पाहणी केली, तेव्हा दर लाख मुलांमागे ४८ जणांना हा आजार आढळला. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. त्यातली साधारण एक तृतीयांश सोळा वर्षांखालची धरली आणि लखनौचं प्रमाण इथं लावलं, तर आकडा तीनशेच्या आसपास येतो. हा केवळ ढोबळ हिशेब आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यांमधल्या संधिवाताचं चित्र पहिल्यांदा नीट पुढं आलं ते पुणे जिल्ह्यातल्या भिगवण इथल्या पाहणीतून. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूनं १९९६ पासून घरोघर जाऊन केलेलं ते काम जगभर नावाजलं गेलं. पण त्यात तपासली गेली ती चार हजारांवर प्रौढ माणसं. मुलांची मोजदाद व्हायची राहिली.

तीनशे ही संख्या मोठी वाईट आहे. आठ तालुक्यांत विखुरली की एकेका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वाट्याला जेमतेम पाच-सात मुलं येतात. तिथल्या डॉक्टरला वर्षभरात असं एखादंच नवं मूल दिसणार. तेही ताप, जुलाब, कुत्रा चावल्याचे आणि साप चावल्याचे रुग्ण पाहता पाहता. मग ते नजरेतून निसटणार, यात नवल नाही. उलट, याच तीनशे मुलांची नावं एका वहीत मावतात. एका जिल्ह्यानं मनावर घेतलं तर प्रत्येक मुलाचा पत्ता, औषध आणि पुढच्या तपासणीची तारीख माहीत असणं शक्य आहे. जालन्यासाठी आशेची जागा नेमकी इथं आहे, आणि पुढचं सगळं विवेचन तिच्याभोवती फिरतं.

हा आजार ओळखायला अवघड का जातो, हे आधी पाहू. मोठ्या माणसाचा गुडघा दिवसभराच्या कामानं संध्याकाळी दुखतो. या मुलांचं उलटं असतं. रात्रभरच्या विश्रांतीनंतर सांधे आखडतात. मूल सकाळी लंगडतं, उकिडवं बसत नाही, कडेवर घे म्हणतं आणि दुपारी अंगणात पळायला लागतं. घरच्यांना वाटतं, शाळा चुकवायला सोंग करतंय. दोन-तीन वर्षांचं मूल दुखतंय असं सांगतही नाही. ते नुसतं पूर्वी करायचं ते करायचं सोडून देतं. जिना चढत नाही, बाटलीचं झाकण फिरवत नाही, शर्टाच्या गुंड्या लावून मागतं. ‘वाढीचं दुखणं आहे, जाईल’ असा दिलासा शेजारपाजारचे देतात. वाढीचं दुखणं दोन्ही पायांत आणि रात्री होतं, त्यात सांधा सुजत नाही आणि सकाळी मूल ठणठणीत असतं, हा फरक एका वाक्यात सांगता येतो. तो गावोगाव सांगितला जायला हवा.

पुढची वाट ठरलेली असते. आधी तेल चोळणं, शेक देणं. काही ठिकाणी सांध्यावर बिब्बा घालतात, त्वचा भाजते आणि सुजेच्या जोडीला जखम होते. मग हाडवैद्य, मग हाडांचे डॉक्टर. तिथं एक्स-रे होतो आणि तो चांगलाच निघतो, कारण सुरुवातीला दोष हाडात नसतो, अस्तरात असतो. मग रक्तातला आरए फॅक्टर बघतात. तो निगेटिव्ह आला की ‘संधिवात नाही’ असं सांगितलं जातं. वास्तविक जेआयए झालेल्या बहुसंख्य मुलांत तो निगेटिव्हच असतो. या सगळ्या वाटेवरची सर्वांत धोक्याची जागा म्हणजे नाव न लिहिलेल्या पुड्या. त्यांत स्टेरॉइड असेल तर दोन दिवसांत सूज उतरते, भूक वाढते, गाल भरतात. मूल सुधारलं असं घराला वाटतं. काही महिन्यांनी चेहरा गोल होतो, उंची खुंटते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी थांबली की सूज दुपटीनं परतते. याहून भयंकर म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची सुरुवातही कधीकधी सांधेदुखीनं होते. निदानाआधी स्टेरॉइड पोटात गेलं, तर तो कर्करोग काही काळ झाकला जातो आणि मोलाचे आठवडे हातचे जातात.

खुद्द जेआयएचेही सात प्रकार मानले आहेत आणि प्रत्येकाचं वागणं निराळं. काही मुलांत चार किंवा त्याहून कमी सांधे धरतात, काहींत बोटांपासून मानेपर्यंत अनेक. एका प्रकारात सांध्यांच्याही आधी ताप येतो. रोज ठरावीक वेळी चढणारा, उतरणारा, अंगावर फिकट गुलाबी पुरळ उठवणारा हा ताप टायफॉइड समजून आठवडेच्या आठवडे सलाइन लावलं जातं. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात काम करणाऱ्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्ये मुलांच्या संधिवाताचं जे वर्णन लिहिलं, त्यावरून या प्रकाराला आजही स्टिलचा आजार म्हणतात. यातल्या काही मुलांत प्रतिकारशक्ती एकाएकी इतकी खवळते की यकृत, रक्त, मेंदू सगळंच धोक्यात येतं. अशा वेळी काही तासांत अतिदक्षता विभाग गाठावा लागतो. भारतात मुलग्यांमध्ये आणखी एक प्रकार बराच दिसतो: आठ-दहा वर्षांपुढच्या मुलाची टाच दुखते, मग गुडघा, मग खुबा, आणि विशीत पोहोचेपर्यंत पाठीचा कणा ताठरतो. टाचदुखी म्हणजे चपलेचा दोष, असं समजून त्याची वर्षं निघून जातात.

मुलांचा संधिवात म्हणजे मोठ्यांच्या संधिवाताची लहान आवृत्ती, अशी समजूत सुशिक्षितांतही आहे. ती चुकीची आहे, कारण मूल वाढत असतं. सुजलेल्या गुडघ्याजवळचं हाड जास्त रक्तपुरवठ्यानं भराभर वाढतं आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब होतो. जबड्याचा सांधा धरला तर हनुवटी मागे राहते, तोंड पुरतं उघडत नाही. आणि डोळे! लहान मुलींमध्ये, विशेषतः ज्यांच्या रक्तात एएनए ही तपासणी पॉझिटिव्ह येते त्यांच्यात, डोळ्याच्या आतल्या भागात सूज येऊ शकते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही. आईला काही कळत नाही, मुलीलाही नाही. नजर गेल्यावरच कळतं. ही सूज केवळ स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रातून दिसते. म्हणून निदान झाल्याबरोबर आणि पुढं दर काही महिन्यांनी, गुडघा बरा असला तरी, डोळे तपासायचे असतात.

उपचारांची गोष्ट मात्र गेल्या काही दशकांत पार पालटली आहे. पूर्वी अ‍ॅस्पिरिन, सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं आणि बिछान्यावरची सक्तीची विश्रांती एवढंच हातात होतं. मुलं चाकाच्या खुर्चीत मोठी होत. मग मेथोट्रेक्सेट आलं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून वार ठरवून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून द्यावा लागतो. गोळी महाग नाही. तिच्यासोबत फॉलिक अ‍ॅसिड घ्यायचं, आणि रक्त व यकृत ठीक आहे ना, हे ठरावीक काळानं बघायचं. एखाददुसराच सांधा सुजला असेल तर त्यात थेट औषध टोचून महिनोन्‌महिने आराम मिळवता येतो. त्यानंतर आली ती जैविक औषधं. १९९९ मध्ये अमेरिकेत इटॅनरसेप्टला मुलांसाठी मान्यता मिळाली. पुढं अडॅलिमुमॅब, टोसिलिझुमॅब अशी रांग लागली. २०१४ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या झायडस कॅडिलानं अडॅलिमुमॅबची देशी आवृत्ती बाजारात आणली आणि किंमत पुष्कळ खाली आली. तरीही शेतमजुराच्या घराला ती परवडत नाही, आणि ही औषधं सुरू करण्यापूर्वी शरीरात क्षयाचे जंतू लपलेले नाहीत ना, हे आपल्या देशात कसोशीनं पाहावं लागतं. वेळेत आणि नेटानं औषध मिळालं, तर आज यातली पुष्कळ मुलं धावतात, सायकल मारतात, पुढं नोकऱ्या करतात. काहींची औषधं कालांतरानं बंदही होतात.

‘वेळेत’ आणि ‘नेटानं’ या दोन्ही गोष्टी जालन्यात अडतात.

मुलांच्या संधिवाताचं शास्त्र ही भारतात तशी तरुण शाखा आहे. चंडीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. सुरजीत सिंग यांनी वाढवलेल्या विभागात त्याचा स्वतंत्र डीएम अभ्यासक्रम आहे. मुंबईत डॉ. राजू खुबचंदानी यांनी जसलोक आणि पुढं हाजी अलीच्या एसआरसीसी बालरुग्णालयातून या मुलांसाठी काम उभं केलं. परळचं वाडिया रुग्णालय तर मुलांच्या अवघड आजारांसाठी महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बाकी संधिवाततज्ज्ञांची तालीम बहुतांश मोठ्या माणसांच्या आजारांत झालेली असते. जालन्याहून मुंबई रेल्वेनं चारशे किलोमीटरच्या वर. ३० डिसेंबर २०२३ पासून जालना–मुंबई वंदे भारत धावू लागली, समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून जातो. पण तिचं तिकीट किंवा त्या रस्त्यावरची गाडी मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या मजुराच्या आवाक्यातली नाही. त्या दोन्ही गावांना रेल्वे शिवतही नाही. आजारी मुलाला घेऊन एसटीनं जालना, तिथून पुढं रात्रीची गाडी, सोबत एक मोठं माणूस, दोन-तीन दिवसांचा रोज बुडालेला. डॉक्टरची फी माफ असली तरी हा खर्च माफ होत नाही. त्यामुळे मुंबईला पहिली खेप होते, दुसरी कर्ज काढून होते, तिसरी होत नाही.

शिवाय ऊसतोड. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयत्याची जोडी मोडता येत नाही, म्हणून लेकरंही सोबत जातात. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या फडावर. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या मुलाची रक्ततपासणी नेमकी याच काळात चुकते. गोळ्या संपतात. थंडीत पहाटे आखडलेले सांधे घेऊन मूल कोपीबाहेर बसून राहतं. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला त्याचा आजार ठाऊक नसतो, कारण कागद गावाकडे पत्र्याच्या पेटीत असतात. असं मूल वैशाखात परत येतं तेव्हा आजार पुन्हा पहिल्या पायरीवर आलेला असतो. या मुलांना ‘उपचार सोडून दिलेले’ असं दप्तरी लिहिणं अन्यायाचं आहे. उपचारांची मांडणीच स्थिर घर असलेल्यांसाठी केलेली आहे.

पैशांची बाजूही अशीच. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली आहे आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण तिच्यात आहे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी ती खरोखर आधार ठरली आहे. पण ती मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांभोवती बांधलेली आहे. जेआयएच्या मुलाला भरती क्वचितच व्हावं लागतं. त्याला लागते दर आठवड्याची गोळी, दर काही आठवड्यांची रक्ततपासणी, डोळ्यांची तपासणी, व्यायाम शिकवणारा माणूस आणि कधी महिन्यातून दोनदा टोचायचं महागडं इंजेक्शन. हे सगळं ओपीडीत बसतं आणि खिशातून जातं. खुबा झिजून बदलायची वेळ आली की योजना मदतीला धावते. तो झिजू नये म्हणून लागणाऱ्या औषधाला तिच्यात नीट जागा नाही. हे धोरण बदलायला हवं, आणि ही मागणी जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात मांडण्याजोगी आहे.

आता जिल्ह्यात काय आहे ते पाहू, कारण ते कमी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात महाराष्ट्रातच, पालघरला, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी झाली. त्याची फिरती पथकं वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत जातात. अठरा वर्षांपर्यंतचं प्रत्येक मूल त्यांच्यासमोरून जावं अशी योजना आहे. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. ते ज्या ३० विकारांचा शोध घेतात, त्यांत ऱ्हुमॅटिक हृदयविकार आहे, वाकडी पावलं आहेत, मुडदूस आहे. मुलांचा संधिवात नाही! म्हणजे सुजलेल्या गुडघ्याचं मूल पथकासमोर रांगेत उभं राहतं, त्याचं वजन-उंची-दात-डोळे तपासले जातात, आणि गुडघ्याचा रकाना अर्जातच नसल्यानं ते तसंच वर्गात परत जातं.

हा रकाना घालायला यंत्र लागत नाही. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या डॉ. हेलन फॉस्टर यांनी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये मुलांचे सांधे चाचपण्याची एक सोपी पद्धत तयार केली. तिला पीगॅल्स म्हणतात. सुरुवातीला तीन प्रश्न: सांध्यांत, स्नायूंत किंवा पाठीत दुखतं वा आखडतं का? कपडे स्वतःचे स्वतः घालता येतात का? जिना चढता-उतरता येतो का? त्यानंतर मुलाला टाचेवर, चवड्यावर चालायला लावायचं, हात वर करायला, मूठ वळायला, तळवे जोडून नमस्कार करायला, तोंड उघडायला सांगायचं. साऱ्याला दोनेक मिनिटं लागतात. ज्यांच्याकडे जिना नाही अशा वस्तीवर ‘उकिडवं बसता येतं का’ हा प्रश्न जास्त कामाचा ठरेल. पथकातले डॉक्टर हे सहज शिकू शकतात. आशाताईंना पहिले तीन प्रश्न पुरेसे आहेत.

मूल सापडल्यावर पाठवायचं कुठं? साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला १९५६ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सगळ्या मराठवाड्याची ‘घाटी’, आहेच. बदनापूर तालुक्यात वरुडीला खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि २०२४ मध्ये राज्यात सुरू झालेल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत जालन्याचंही नाव आहे. नवं महाविद्यालय म्हणजे बालरोग, अस्थिरोग, नेत्ररोग आणि भौतिकोपचार हे सगळे विभाग जिल्ह्यातच एका छताखाली येणं. डोळ्यांसाठी तर जालन्याला बाहेर बघायचीच गरज नाही. श्री गणपती नेत्रालयाकडे आसपासच्या जिल्ह्यांतून लोक येतात. बालसंधिवाताचा पूर्ण वेळ तज्ज्ञ जालन्यात येऊन राहील, याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. महिन्यातला एक ठरलेला दिवस हवा. त्या दिवशी जिल्ह्यातल्या बालरोगतज्ज्ञासमोर ही मुलं बसावीत आणि अवघड प्रसंगी पडद्यावर मुंबई-पुण्याचा तज्ज्ञ असावा. ई-संजीवनी ही सरकारी दूरसल्ला सेवा २०१९ पासून डॉक्टर ते डॉक्टर जोडण्यासाठी आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हेपॅटायटिसच्या रुग्णांसाठी याच तत्त्वावर ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केला आणि खेड्यांतले साधे डॉक्टर तज्ज्ञांच्या बरोबरीनं उपचार करू लागले. रुग्ण हलवण्याऐवजी ज्ञान हलवायचं, हे तिथं साधलं.

महिन्यातल्या त्या ठरलेल्या दिवसाला सर्वांत गरज आहे ती एका परिचारिकेची. इंग्लंडमधल्या मार्गदर्शक निकषांत लक्षणं दिसल्यापासून दहा आठवड्यांच्या आत मूल तज्ज्ञ चमूपर्यंत पोहोचावं असं म्हटलं आहे आणि त्या चमूत प्रशिक्षित परिचारिकेला मानाचं स्थान आहे. वही तिच्याकडे असते. गोळीचा वार तीच समजावते, इंजेक्शन घरी कसं टोचायचं हे आईला तीच शिकवते, कोण आलं नाही हे तिलाच आधी कळतं. ऊसतोडीला निघालेल्या घराला हंगामभर पुरतील एवढ्या गोळ्या, मराठीत लिहिलेला आजाराचा कागद आणि एक फोन नंबर देणं हेही तीच करू शकते. अशी एक व्यक्ती नेमणं जिल्हा प्रशासनाला जड नाही.

शाळेकडून फार मोठं मागणं नाही. आखडलेल्या मुलाला सकाळी उशीर झाला तर अंगठे धरून उभं करू नये. मांडी घालून बसण्याऐवजी त्याला बाक द्यावा, परीक्षेत हात दुखत असेल तर जास्त वेळ किंवा लेखनिक द्यावा, आणि कवायतीतून कायमचं बाजूला काढू नये, कारण हालचाल हाच या सांध्यांचा उपचार आहे. मुलींच्या बाबतीत घरं आजार लपवतात. पुढं सोयरिक जमणार नाही ही धास्ती असते. म्हणून औषध चुलतघरालाही कळू न देता घेतलं जातं आणि एखाद्या लग्नाच्या गर्दीत दोन-तीन आठवडे विसरलं जातं. उपचार न झालेली मुलगी वाकड्या बोटांनी आणि आखूड पायानं लपणार नाही. उपचार झालेली मुलगी चारचौघींसारखी वावरेल. हे गावातल्या शिक्षिकेनं, अंगणवाडीताईनं आणि मोठ्या बायांनी घरात जाऊन सांगितलं तर पटतं.

दरवर्षी १८ मार्चला जगभर मुलांच्या संधिवाताचा जागृती दिन पाळतात. मार्चअखेरीस टोळ्या परतू लागतात, तेव्हा जालन्यात त्या सुमारास शाळा-अंगणवाड्यांतून सांध्यांची तपासणी ठेवणं सोयीचं ठरेल. तोवर वाचकांना एवढंच सांगणं आहे. घरातल्या, गल्लीतल्या किंवा वर्गातल्या कुठल्याही मुलाचा सांधा सुजलेला असेल, ते रोज सकाळी आखडत असेल, तर सहा आठवडे पुरे होण्याची वाट न बघता त्याला बालरोगतज्ज्ञाकडे न्या. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा घाटीच्या बालरोग विभागात दाखवा, जुने सगळे कागद आणि पुड्या सोबत ठेवा, आणि ‘हा मुलांचा संधिवात असू शकतो का?’ असं तोंडानं विचारा. निदान पक्कं झालं तर त्याच आठवड्यात डोळे तपासून घ्या.